आईचा मायट्रल व्हॉल्व्ह लीक होतोय, छाती न उघडता क्लिप बसवायचं म्हणतायत... कुणाला अनुभव आहे का?

साधीरेघ:
नमस्कार सगळ्यांना, आईसाठी विचारतेय. आई ७९ वर्षांची आहे, १२ वर्षांपूर्वी बायपास झालीये आणि क्रिएटिनिन कायम वाढलेलं असतं म्हणून किडनीच्या डॉक्टरांकडे पण चालू आहे. गेले सातआठ महिने दम लागतो, आधी जिना चढताना लागायचा, मग नुसती अंघोळ करून बाहेर आली तरी पलंगावर पाच मिनिटं गप्प बसून राहायला लागली आणि आम्हाला वाटलं वय झालंय, होतं असं. आता रात्री दोनच्या सुमाराला उठून बसते आणि खिडकी उघड म्हणते. तीन उशा लागतात. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो.

इको केला त्यात सिव्हिअर मायट्रल लीक आलं, पंपिंग ५५ टक्के. सर्जन स्पष्टच बोलले की आधीची बायपास, हे वय आणि अशी किडनी असताना परत छाती उघडायचा सल्ला मी देणार नाही. मग कार्डिऑलॉजिस्ट म्हणाले जांघेतल्या नसेतून क्लिप बसवता येते का बघू, त्याच्याआधी टीईई, म्हणजे घशातून नळी घालून करायचा इको, करावी लागेल. भाऊ म्हणतो बघायचं काय त्यात, उद्याच करून टाकू. आई म्हणते आता या वयात माझ्यावर प्रयोग कशाला करताय. मी दोघांच्या मधे.

मला खरंच कळत नाहीये की क्लिप नक्की कशाला लावतात, ती सुटली तर काय, लीक पूर्ण बंद होतं का, आणि साध्या इकोत सगळं दिसलंय तर परत घशातून नळी घालायचा त्रास तिला कशाला. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

उंबरठा:
ताई, माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी बसवली, तेव्हा ते ८१ चे होते. त्यामुळे रात्री दोनचं ते उठून बसणं काय असतं मला माहितीये, आम्ही पण कितीतरी दिवस अ‍ॅसिडिटीच समजत होतो.

टीईई टाळू नका, हे सगळ्यात आधी. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो होतो तिथे साध्या इकोच्या रिपोर्टवर तारीखच देऊन टाकली होती, लीक का होतंय हे कुणी एका शब्दाने सांगितलं नाही आणि आम्हाला पण विचारायचं सुचलं नाही. बहिणीने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टीईई केली आणि पडद्यावर दाखवलं की ही बघा पाकळी, हिची दोरी तुटलीये म्हणून हिचं टोक वरच्या कप्प्यात उलटं फडफडतंय. मला त्या क्षणी कळलं की आम्ही इतके दिवस नुसता 'सिव्हिअर' हा शब्द घेऊन फिरत होतो. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मोजमापं घेऊन सांगितलं की जागा चांगली आहे, क्लिप धरेल.

त्या दिवसाचं सांगतो. सकाळी उपाशी नेलं, पूर्ण भूल दिली. उजव्या जांघेतल्या शिरेतून साधारण ८ मिलिमीटर जाडीची नळी वर हृदयात नेतात, उजव्या कप्प्यातून मधला पडदा टोचून डाव्या कप्प्यात जातात आणि तिथून खाली व्हॉल्व्हवर. धमनीतून नाही, शिरेतून, हा फरक मला नंतर समजला, त्यामुळे रक्तस्रावाची भीती थोडी कमी असते. आत गेले तेव्हा साडेनऊ, बाहेर यायला जवळजवळ साडेबारा. मधे एकदा डॉक्टर येऊन सांगून गेले की एक क्लिप बसली, लीक कमी झालं पण बाजूला अजून एक धार दिसतेय म्हणून दुसरी लावतोय. त्या दुसऱ्या क्लिपच्या वेळेत आमच्या जिवात जीव नव्हता हे खरं.

बाहेर आल्यावर घसा दुखत होता (तो घशातला इको आतमध्ये पूर्ण वेळ चालूच असतो, त्यावर बघूनच सगळं करतात), पाय सरळ ठेवून काही तास झोपून राहायचं, जांघेत एक टाका आणि वर दाबपट्टी. छातीवर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. जांघ चांगली काळीनिळी झाली होती, मांडीपर्यंत, ते बघून आई घाबरली होती पण दहाबारा दिवसांत उतरलं.

फरक लगेच पडला का, तर झोपेत लगेच पडला, आठवड्यात तीनवरून एका उशीवर आले. चालण्यात मात्र वेळ लागला, कारण सातआठ महिने माणूस हललेलाच नसतो, पायात ताकदच राहत नाही. ती हळूहळू येते. आमच्या इथे लीक पूर्ण गेलं नाहीये, रिपोर्टवर 'माइल्ड' लिहून येतं आणि डॉक्टर त्यावर खूश आहेत. लघवीची गोळी पण सुटली नाही, अर्धी झाली.

एक सवय आजही पाळतो, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर रोज वजन करून वहीत लिहायचं. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे ते पाणी आहे, लगेच डॉक्टरांना फोन. दोनदा वेळेवर कळलं त्यामुळे अ‍ॅडमिट करावं लागलं नाही.

इकोखोली:
मी रोज हेच इको करते, क्लिपच्या केसेसना पण टेबलाशेजारी उभी असते, म्हणून थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.

मायट्रल व्हॉल्व्ह डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे असतो. त्याला दोन पाकळ्या, एक पुढची एक मागची, आणि त्या पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात ज्या खालच्या कप्प्याच्या स्नायूला जोडलेल्या असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. हृदय आकुंचन पावलं की पाकळ्या मिटतात आणि रक्त फक्त पुढे जातं. मिटताना फट राहिली की काही रक्त मागे फुप्फुसाच्या बाजूला ढकललं जातं. म्हणून दम, म्हणून आडवं झाल्यावर जास्त.

आता ही फट दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडते आणि ताई, तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर या एका गोष्टीवर आहे. एक म्हणजे व्हॉल्व्हच बिघडलाय, पाकळी लुळी पडलीये किंवा दोरी तुटलीये. याला प्रायमरी म्हणतात. दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह चांगला आहे पण खालचा कप्पा फुगलाय, हार्ट अ‍ॅटॅकनंतर किंवा स्नायू कमजोर झाल्यामुळे, आणि फुगलेल्या कप्प्याने दोऱ्या खाली ओढून धरल्यात म्हणून पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. हे सेकंडरी. रिपोर्टवर दोन्हीला 'सिव्हिअर एमआर' (एमआर म्हणजे मायट्रल लीक) असंच लिहून येतं! तुमच्या आईंचं पंपिंग ५५ आहे म्हणजे प्रायमरीकडे झुकतंय असं वाटतं, पण बायपास झालेली आहे त्यामुळे बघितल्याशिवाय मी पण सांगणार नाही. आणि ५५ ऐकून निर्धास्त होऊ नका, एवढं लीक असताना पंपिंग खरं तर ६० च्या वर असायला हवं, कारण अर्धं रक्त सोप्या वाटेने मागे जात असतं. प्रायमरीमध्ये ६० किंवा त्याच्या खाली आलं की स्नायू थकायला लागला असं आम्ही धरतो.

क्लिप म्हणजे दोन हातांचा बारीक चिमटा समजा, एकेक हात साधारण ९ ते १२ मिलिमीटर, कोबाल्ट-क्रोमियमचा आणि वरून पॉलिएस्टरचं कापड. पुढची आणि मागची पाकळी जिथे फट आहे तिथे एकत्र पकडून मिटवतो. मधोमध पकडल्यामुळे दोन्ही बाजूंना दोन वाटा राहतात, रक्त खाली उतरायला दोन दारं. काही महिन्यांत त्या कापडावर शरीराचा स्वतःचा पापुद्रा चढतो आणि तिथे पूल तयार होतो.

आईंना 'प्रयोग' वाटतोय म्हणून हे सांगते. ही कल्पना इटलीतले सर्जन ओतावियो अल्फिएरी यांची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी छाती उघडून दोन पाकळ्या मधे एका टाक्याने शिवायला सुरुवात केली. त्याच टाक्याची ही नळीतून करायची आवृत्ती. पहिल्या माणसाला २००३ मध्ये बसवली, युरोपात २००८ ला मान्यता, अमेरिकेत २०१३ ला आणि तीही आधी फक्त ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशा प्रायमरीवाल्यांना, सेकंडरीसाठी २०१९ ला. आता जगात लाखाहून जास्त लोकांना बसलीये. माइट्राक्लिप हे सगळ्यात जुनं नाव, पास्कल म्हणून दुसरं पण आहे.

सुटते का, तर हो, सुटू शकते. बहुतेक वेळा एका पाकळीतून निसटते आणि दुसरीला लटकून राहते, म्हणजे वाहून जात नाही पण लीक परत येतं. झालंच तर सुरुवातीच्या दिवसांत होतं, म्हणून डिस्चार्जच्या आधी आणि महिन्याने इको असतो. पूर्ण सुटून जाणं फार क्वचित. बाकी धोके म्हणजे जांघेत रक्तस्राव, पडदा टोचताना हृदयाभोवती रक्त साठणं, स्ट्रोक. कमी आहेत, शून्य नाहीत.

आणि टीईई कशाला? कारण साध्या इकोत आम्ही बरगड्यांमधून वाकून बघत असतो, अन्ननलिका वरच्या कप्प्याला पाठीमागून चिकटलेली असते त्यामुळे तिथून व्हॉल्व्ह अगदी समोर येतो. पाकळीची लांबी, कॅल्शियम, फट किती रुंद, आणि उघडल्यावर भोक किती मोठं, हे सगळं तिथूनच नीट मोजता येतं. नॉर्मल भोक ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते आधीच लहान असेल आणि वर क्लिप लावली तर लीक थांबेल पण व्हॉल्व्ह अरुंद होईल. एकाच्या जागी दुसरा आजार. म्हणून क्लिप मिटवल्यावर पण सोडायच्या आधी वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या प्रेशरमधला फरक मोजतात, तो साधारण ५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की क्लिप उघडून जागा बदलतात. सोडेपर्यंत कितीही वेळा उघडता येते ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. उंबरठा यांच्या बाबांच्या त्या तीन तासांत आत बहुतेक हेच चाललं असणार.

मावशीचीभाची:
आमच्याकडे उलट झालं तेही लिहिते. मावशीला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, त्याने व्हॉल्व्ह खराब झाला. आम्ही क्लिपच्या आशेने गेलो आणि टीईई झाल्यावर सांगितलं की पाकळ्या जाड होऊन कडेला चिकटल्यात, लीक पण आहे आणि अरुंद पण आहे, क्लिप लावता येणार नाही. तिला फार वाईट वाटलं होतं. शेवटी व्हॉल्व्ह बदलला, धातूचा, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायची आयएनआरची तपासणी कायमची मागे लागली. पण आता व्यवस्थित आहे. सांगायचं एवढंच की टीईई व्हायच्या आधी आईंना 'क्लिप बसवू आणि बरी होशील' असं ठरवून सांगू नका, आधी बघून घेऊ एवढंच म्हणा.

दुसरीबाजू:
माझं वय ५६, मला प्रोलॅप्स होता, म्हणजे मागची पाकळी सैल होऊन वरच्या कप्प्याकडे झुकायची. मी पण क्लिपचंच वाचून गेलो होतो आणि मला डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. तुमची तब्येत ऑपरेशन झेपणारी आहे, तुमचा व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा म्हणाले. उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून सहासात सेंटिमीटरचा छेद घेऊन केलं, छातीचं मधलं हाड कापलं नाही. त्यात हृदय थांबवून मशीनवर टाकतातच, तेवढं त्या क्लिपसारखं नाही. पाकळी नीट केली, नवीन कृत्रिम दोऱ्या लावल्या, भोवती रिंग बसवली. लीक आता जवळजवळ नाही.

मी हे लिहितोय कारण 'मिनिमली इन्व्हेझिव्ह' म्हणताना लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. छोट्या छेदातून केलेलं ऑपरेशन हे ऑपरेशनच आहे, आणि क्लिप ही नळीतून. आणि मला समजावून सांगितलं होतं की एकदा क्लिप बसली आणि पुढे लीक वाढलं तर मग व्हॉल्व्ह दुरुस्त करणं अवघड होतं, बहुतेक बदलावाच लागतो. ५६ ला तो विचार करायलाच हवा. ७९ ला, बायपास झालेली असताना, माझ्या मते तो मुद्दा मागे पडतो. ताईंनी माझं वाचून परत ऑपरेशनचा विचार करू नये, सर्जन नाही म्हणाले ते योग्यच वाटतं.

इकोखोली:
दुसरीबाजू, अगदी बरोबर लिहिलंत. क्लिप आणि ऑपरेशनची तुलना करणारा एव्हरेस्ट टू नावाचा अभ्यास झाला होता, २०११ ला छापून आला, २७९ पेशंट. क्लिपवाल्यांना सुरुवातीचा त्रास कमी झाला पण वर्षभरात त्यातल्या २० टक्के लोकांना पुढे व्हॉल्व्हचं ऑपरेशन लागलं, ज्यांचं आधीच ऑपरेशन झालं होतं त्यांच्यात ते २ टक्के होतं. त्या सुरुवातीच्या क्लिप होत्या, आता क्लिप आणि डॉक्टरांचा हात दोन्ही सुधारलेत, तरी झेपणाऱ्या माणसाला आधी सर्जनकडेच पाठवतात ते यामुळे. सर्जन नाही म्हणाले त्याचं एक कारण ताईंना सांगते, बायपासनंतर जुन्या ग्राफ्ट (तेव्हा जोडलेल्या नसा) छातीच्या हाडाच्या मागेच चिकटलेल्या असतात, हाड परत कापताना त्यांनाच धक्का लागू शकतो.

साधीरेघ:
तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी काल रात्री दोनदा वाचलं आणि भावाला पण वाचून दाखवलं, तो गप्प झाला. टीईई पुढच्या आठवड्यात आहे.

अजून काही प्रश्न आहेत, रागावू नका. आईची किडनी नाजूक आहे तर त्या अँजिओसारखा डाय यात पण देतात का? मधला पडदा टोचतात ते भोक तसंच राहतं का? आणि समजा तिचं सेकंडरी निघालं तर क्लिपचा उपयोग नाही असं आहे का, मी कुठेतरी वाचलं की एका अभ्यासात काहीच फायदा झाला नाही.

इकोखोली:
रागावायचं काय त्यात, हेच विचारायला हवं.

डाय या प्रोसिजरमध्ये जवळजवळ लागतच नाही, कारण आम्ही इकोवर बघून काम करतो. किडनीवाल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याआधी अँजिओग्राफी सांगितली तर त्यात डाय असतो, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि दोन्हीच्या मधे थोडे दिवस जाऊ देता येतील का विचारा.

भोक छोटं असतं, बहुतेकांचं काही महिन्यांत आक्रसतं किंवा बुजतं, काहींचं थोडं राहतं आणि त्रास देत नाही. मुद्दाम बंद करायची वेळ क्वचित येते.

सेकंडरीचं सांगते. २०१८ मध्ये दोन अभ्यास आले. फ्रान्समधल्या मित्रा-एफआरमध्ये ३०४ पेशंट होते आणि एका वर्षात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं यात क्लिपने काहीच फरक पडला नाही. तुम्ही वाचलंत तो बहुतेक हाच. लगेच त्याच वर्षी कोऍप्ट आला, ६१४ पेशंट, त्यात दोन वर्षांत क्लिपवाल्यांपैकी २९.१ टक्के दगावले आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ४६.१ टक्के. हॉस्पिटलमध्ये परत परत येणं पण जवळजवळ निम्म्यावर आलं. एवढा उलटा निकाल कसा, यावर खूप चर्चा झाली. त्यातून जे पुढे आलं ते असं की कोऍप्टमध्ये आधी औषधं पूर्ण ताकदीने देऊन बघितली, तरी लीक राहिलं त्यांनाच घेतलं, आणि त्यांचं लीक कप्प्याच्या फुगण्याच्या मानाने जास्त होतं. फ्रान्सच्या अभ्यासात बऱ्याच जणांचा कप्पा खूप फुगलेला आणि लीक त्यामानाने कमी, म्हणजे मूळ दुखणं स्नायूचं होतं, फट मिटवून स्नायू कसा सुधारणार. २०२४ ला रिशेप-एचएफ२ आला, तोही क्लिपच्या बाजूने.

म्हणून सेकंडरी निघालं तर आधी हे विचारा की औषधं पूर्ण झालीत का, हार्ट फेल्युअरच्या चारही प्रकारच्या गोळ्या जेवढ्या सोसतील तेवढ्या दिल्यात का, आणि ईसीजीत तसा दोष असेल तर वेगळा पेसमेकर लागतो का. कधीकधी नुसत्या औषधांनी तीनचार महिन्यांत लीक सिव्हिअरवरून मॉडरेट होतं, हे मी स्वतः किती वेळा बघितलंय.

अजून एक, टीईईला झोपेचं औषध देतात त्याने बीपी उतरतं आणि लीक कमी दिसतं. जागेपणी सिव्हिअर आणि टीईईत मॉडरेट आलं तर घोळ झाला असं समजू नका, आम्ही ते लक्षात ठेवूनच वाचतो, कधी औषधाने बीपी वर आणून परत बघतो.

रात्रपाळी:
मी कार्डियाक वॉर्डला नर्स आहे. सगळे व्हॉल्व्हबद्दल लिहितायत, मला आईंबद्दल लिहायचंय.

त्या 'प्रयोग कशाला' म्हणाल्या, त्यांना शांत बसून विचारलंत का की नेमकी कशाची भीती वाटते? माझ्याकडे एक आजी होत्या, तीन दिवस नाही नाही म्हणत होत्या, मुलं मृत्यूची भीती समजून धीर देत होती. मी रात्री बीपी घ्यायला गेले तेव्हा म्हणाल्या बायपासच्या वेळी शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं आणि हात बांधलेले, ते परत नको. एवढंच होतं. भूलतज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी सांगितलं की यात बहुतेक वेळा टेबलावरच नळी काढतात, जागं व्हाल तेव्हा ती नसेल. दुसऱ्या दिवशी सही केली. तुमच्या आईंची पण बायपास झालीये, त्यांना तेव्हाचं काय आठवतं ते विचारून बघा.

आणि छोटीशीच गोष्ट आहे, काही कळणार पण नाही, असं नका सांगू. मांडी काळी पडेल, घसा दुखेल, काही तास पाय हलवायचा नाही, हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. त्यांना परत काय करावंसं वाटतंय ते पण डॉक्टरांसमोर बोलू द्या. आणि सगळं ऐकून त्या नकोच म्हणाल्या तर तेही ऐकायचं, गोळ्या नीट लावून दम पुष्कळ कमी करता येतो.

उंबरठा:
रात्रपाळी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या बाबांना आम्ही हे विचारलंच नव्हतं.

साधीरेघ:
टीईई झाली. दोरी तुटलीये. मागच्या पाकळीच्या मधल्या भागाची, रिपोर्टवर पी टू फ्लेल असं लिहिलंय, म्हणजे प्रायमरी. कॅल्शियम पकडायच्या जागी नाही, व्हॉल्व्हचं भोक ४.६ चौरस सेंटिमीटर आहे. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, उंबरठा तुम्ही लिहिलं होतं तस्संच, टोक वर उडत होतं. म्हणाले जागा मधोमध आहे, बहुतेक एक क्लिप पुरेल, लागली तर दुसरी.

आईला विचारलं. तिला पण नळीच आठवत होती! आणि दुसरं म्हणजे तिला वाटत होतं की आम्ही तिच्यासाठी रजा टाकून दमतोय. खूप वेळ बोललो आम्ही दोघी. मग तिने स्वतः डॉक्टरांना विचारलं की मला जिना उतरून खाली जाता येईल का आणि परत चढता येईल का, तेवढं झालं तरी मला पुरे. डॉक्टर म्हणाले उतरायचं नक्की, चढायला महिनादीड महिना द्या. तिने हो म्हटलंय. २२ तारीख मिळालीये.

आता शेवटचा प्रश्न. तिची खालची एक दाढ हलतेय आणि हिरडी सुजलीये, आम्ही म्हटलं हे सगळं होऊ दे मग दाताचं बघू. चालेल ना?

इकोखोली:
नाही नाही, दाढ आधी! बरं झालं विचारलंत. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात जातात आणि नव्या क्लिपवर, तिच्यावर पापुद्रा चढायच्या आधी, जाऊन बसले तर व्हॉल्व्हला इन्फेक्शन होतं, आणि ते निस्तरणं फार अवघड. उद्याच कार्डिऑलॉजिस्टना फोन करून सांगा, दाढ काढायच्या आधी अँटिबायोटिक आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय करायचं ते तेच ठरवतील, गोळी स्वतःहून बंद करू नका. दाढ काढल्यावर हिरडी भरायला थोडे दिवस लागतील, त्यासाठी २२ पुढे गेली तरी जाऊ दे. आणि नंतर पण दाताचं काहीही करायचं असलं की डेंटिस्टला क्लिप बसवल्यावर मिळणारं कार्ड दाखवायचं, एमआरआय करायची वेळ आली तरी तेच कार्ड, एमआरआय होतो पण त्यांना आधी माहीत हवं. ते कार्ड आईंच्या पर्समध्येच ठेवा, फाइलमध्ये नको.

साधीरेघ:
फोन केला. दाढ गुरुवारी काढतायत, तारीख आठ दिवस पुढे गेली. वजनाची वही आजपासून सुरू केली, आईच लिहितेय.